बिब्बा कुणी घातला

मार्गशीर्षातल्या एका शनिवारी सकाळी साळूबाई भाकरीचं पीठ मळायला बसली, तेव्हा तिचा उजवा डोळा मिटत आला होता. गालावर आणि कपाळावर बारीक पुरळ, ओठ जाड झालेले, कानाच्या पाळ्या लालभडक. वच्छलाबाईंनी सुनेची हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवलं आणि पुरळ निरखलं.

"काल काय खाल्लंस गं?"

"काय नाय आत्याबाई. तुमच्या शेजारीच जेवले की."

"खाज सुटलीय?"

"आग होतीया लई. जणू कुणी मिरची फासलीया."

वच्छलाबाईंनी सुनेला पाटावरून उठवलं, तीळ आणि ओलं खोबरं पाट्यावर वाटलं आणि तिच्या तोंडाला जाडसर लेप दिला. हे काय आहे ते त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांचे मालक तात्यासाहेब हे शहरातले नावाजलेले वैद्य. ते रझाकारीच्या आदल्या वर्षी वारले, पण त्यांच्या हाताखाली वच्छलाबाईंनी उभा जन्म झाडपाला निवडला होता, कुटला होता, उकळला होता. बिब्बा उतलेलं तोंड त्यांनी शंभरदा पाहिलेलं. हा बिब्बाच होता. प्रश्न एवढाच की तो सुनेच्या तोंडापर्यंत पोचला कसा. आणि सुनेला पाचवा महिना लागला होता. गरोदर बाईला बिब्बा म्हणजे निखारा. तात्यासाहेब तर अशा बाईला बिब्ब्याच्या झाडाखालून जाऊसुद्धा देत नसत.

बाग दिल्ली दरवाज्याबाहेर, हर्सूलच्या अंगाला. तात्यासाहेबांनी ती औषधासाठीच लावलेली. आंबा, जांभूळ, आवळा, बेल, कवठ, हिरडा. कुंपणाला अडुळसा, कडुनिंबावर चढवलेली गुळवेल, आणि पार पलीकडं, बांधाच्या टोकाला, एकटा बिब्बा. त्याच्याकडं फारसं कुणी फिरकत नसे. फकिरा माळी तेवढा हाताला तेल चोपडून फळं उतरवायचा. घरी सून, लेक नानासाहेब आणि स्वतः वच्छलाबाई. एवढंच माणूस. मग बिब्बा आणला कुणी?

त्या दिवशी वच्छलाबाईंनी घरातली एकूण एक बरणी उघडून हुंगली. औषधाच्या फडताळात पोटलीत बांधलेले जुने बिब्बे होते, ते जिथल्या तिथं होते, पोटलीची गाठसुद्धा त्यांच्याच हातची. संध्याकाळी फडताळ लावताना त्यांच्या मनात एक नाव येऊन गेलं. त्यांनी ते झटकून टाकलं.

दोन दिवसांनी सूज उतरली. साळूबाई पुन्हा हसायला-बोलायला लागली. ती गंगापूरकडची, उसाकापसाच्या रानातली पोर. घरात आली तेव्हा तिला हिरडा कुठला नि बेहडा कुठला हेही कळत नव्हतं. पण कामाला वाघीण होती.

पुढच्या शनिवारी पुन्हा तोंड सुजलं. या वेळी मानेवरही पुरळ आलं आणि हातांच्या आतल्या बाजूला फोड उठले.

आता मात्र ते नाव झटकलं तरी जाईना. कारण शुक्रवारी बागेत बाहेरचं एकच माणूस येत होतं. कमरुन्निसा.

कमरुन्निसा शहागंजातल्या कमरोद्दीन अत्ताराची बायको. तात्यासाहेबांच्या बागेतला सगळा माल, वाळवलेला आवळा म्हणा, बेलाचा गर म्हणा, जांभळाच्या बिया म्हणा, कमरोद्दीनच्याच दुकानी जायचा. वैद्य लिहून द्यायचे, अत्तार बांधून द्यायचा. दोन्ही घरं तेव्हा शहरात एकाच गल्लीत होती. नानासाहेब आणि अत्ताराचा मुख्तार एका वयाचे. आंब्याच्या दिवसांत दोघं बागेतच पडलेले असायचे. कमरोद्दीनही आता राहिला नव्हता. दुकान कमरुन्निसाच चालवायची, बांबूच्या चिकाच्या पडद्याआड बसून. शुक्रवारी दुकान बंद, म्हणून त्या दिवशी ती टांगा करून बागेत यायची. माल बघायची, वच्छलाबाईंशी चार गोष्टी बोलायची, आणि सून गरोदर आहे कळल्यापासून दरवेळी तिच्यासाठी काही ना काही आणायची. कधी बदामाचं तेल, कधी आवळ्याचा मुरब्बा. तेल ती स्वतः साळूबाईच्या डोक्यात जिरवायची. "बच्ची का सर ठंडा रहना," असं म्हणायची.

आणि बिब्बा शहरात सर्वांत जास्त कुणाच्या हाताखालून जात असेल तर तो तिच्याच. बिब्ब्याच्या आतली गोडंबी फोडायला बायका तिच्याच अंगणात बसायच्या.

वच्छलाबाई मुरब्ब्याची बरणी घेऊन ओसरीवर बसल्या. पाक काळपट होता. मुरब्ब्याचा पाक काळपटच असतो, हे त्यांना माहीत होतं. तरी त्यांनी तो बोटावर घेऊन निरखला, हुंगला आणि स्वतःच्या कोपराच्या आतल्या बाजूला चोळला. रात्र गेली, सकाळ झाली, कातडीवर काही उठलं नाही. माणसाचं मन यावर निवांत व्हायला पाहिजे होतं. पण संशय शिरला की त्याला पुरावा लागत नाही, जागा लागते. वच्छलाबाईंनी स्वतःशीच म्हटलं, माझी कातडी बिब्ब्यानं जन्मभराची मेलेली. मला कुठलं उतायला?

या संशयाखाली आणखी एक गोष्ट होती, ती त्या कुणापाशी बोलल्या नव्हत्या.

तीन वर्षांमागं पोलिस ॲक्शन झाली. त्याआधी रझाकारांचा जोर होता तेव्हा एका संध्याकाळी मुख्तार मागच्या भिंतीवरून उडी टाकून यांच्या परसात आला होता. "नाना, आज घरी राहू नको. तुझं नाव घेतलंय त्यांनी." एवढं बोलून तो आला तसा गेला. नानासाहेब त्याच पावली घर सोडून सरहद्दीपलीकडं निघून गेला म्हणून वाचला. पुढं हिंदुस्थानी फौज शहरात आली आणि तिच्या मागोमाग नानासाहेबही परतला. त्यानंतर चार-दोन दिवसांतच फौजेच्या माणसांनी गल्लीतून मुख्तारला उचलून नेलं. दीड वर्ष तो तुरुंगात होता. त्याच हिवाळ्यात कमरोद्दीन अंथरुणाला खिळला आणि लेकाचं तोंड न बघताच गेला. मुख्तार सुटून आला तो डाव्या हाताची बोटं वाकडी घेऊन, आणि मुका झाल्यासारखा.

आणि नानासाहेबानं धोसरा काढला की आता या गल्लीत राहायचं नाही. बागेत दोन खोल्या बांधू, तिकडंच राहू. वच्छलाबाईंनी का म्हणून विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यानं काहीतरी सांगितलं असतं, आणि जे सांगितलं असतं ते ऐकायची त्यांची तयारी नव्हती. बागेत आल्यावर त्यांनी पाहिलं की कमरुन्निसाचा टांगा फाटकाशी वाजला की घरी असलाच तर नाना मागच्या वाटेनं निघून जातो. तेही त्यांनी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं.

आता सगळं एका माळेत ओवलं जात होतं. जिच्या पोटच्या पोराचं असं झालं, ती आई त्याच घरच्या पोटातल्या जिवासाठी मुरब्बा का आणेल? मायेनं आणेल? वच्छलाबाईंनी स्वतःला तिच्या जागी ठेवून बघितलं. आपण आणला असता का? त्यांना काही केल्या "व्हय" म्हणता येईना.

तिसऱ्या शुक्रवारी त्यांनी सुनेला सांगून ठेवलं, "कमरूबी आली तरी तिच्या हातचं काय घ्यायचं नाय. तेल नको म्हण. डोकं दुखतंय म्हण." आणि स्वतः दिवसभर कमरुन्निसाच्या हातांवर नजर ठेवून बसल्या. ती हिरडे चाळत होती, हात हिरड्यात होते. ती पाणी प्याली, तांब्या तिनं स्वतः विसळला. जाताना तिनं साळूबाईच्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. शनिवारी तोंड सुजलंच.

चौथ्या शुक्रवारी कमरुन्निसा फाटकातून आत आली ती बुरख्याचा पदर मागं टाकत, हातात मुरब्ब्याची नवी बरणी घेऊन. वच्छलाबाई ओसरीच्या पायरीवर उभ्या होत्या. त्यांनी तिला बस म्हटलं नाही.

"कमरूबी, आजपासनं खायचं काय आणू नका."

"क्यूं आक्का? पोरीला आवडत नाही का?"

"साळे, बाहेर ये."

साळूबाई बाहेर आली. आधीच्या आठवड्याचे डाग अजून काळे पडलेले होते, मानेवरची कातडी सोलून निघालेली. कमरुन्निसानं जवळ येऊन बघितलं आणि ती दचकली.

"हा तर बिब्बा उतलाय! या अल्ला, आक्का, हिला अशा दिवसांत—"

"व्हय. बिब्बाच हाय. तुम्ही वळखलात ते बरं झालं." वच्छलाबाईंचा आवाज त्यांचा त्यांनाच परका वाटला. "आता एवढंच सांगा, हा बिब्बा कुणी घातला?"

फकिरा आवळ्याखाली पाला झाडत होता, त्याचा खराटा थांबला. साळूबाईनं सासूकडं बघितलं, मग खाली बघितलं. कमरुन्निसाला आधी काही कळलंच नाही. मग कळलं. तिचा चेहरा असा उतरला, जसा भांड्याला पोचा पडतो. ती ओसरीच्या कडेला न विचारता बसली, बरणीचं झाकण काढलं, आत हात घातला आणि एक अख्खा आवळा तोंडात घालून सावकाश चावून गिळला. बी तळहातावर काढून बाजूला ठेवली. मग दुसरा खाल्ला. बोटं पुसली, बुरखा ओढला आणि फाटकाकडं चालायला लागली.

"बरणी घेऊन जावा," वच्छलाबाई मागून म्हणाल्या.

ती वळली नाही. टांग्याची घंटी ऐकू आली, मग तीही थांबली.

वच्छलाबाईंच्या मनातली अढी अशी, की त्याही वेळी मन म्हणालंच, बिब्ब्यात हात घालणाऱ्या बाईला बिब्बा खाऊन काय होणार? बरणी त्यांनी बांधापलीकडं ओतून टाकली.

फकिरा काही बोलभांड माणूस नव्हता, पण ही गोष्ट पोटात राहण्यासारखी नव्हती. त्यानं बायकोला सांगितलं, बायकोनं भाजीच्या बाजारात. आठ दिवसांत शहागंजभर झालं की वैद्यांच्या सुनेला अत्तारणीच्या मालातून बिब्बा बाधला. वच्छलाबाईंना ते पेठेत वाण्यानं सांगितलं. "आता काढा तिकडून कोण नेणार, बाई? आम्हीच पोरांना सांगितलं, दुसरीकडून आणा." वच्छलाबाईंनी ऐकलं, गूळ पिशवीत टाकला आणि निघाल्या. मी असं म्हणाले नाही, एवढंसुद्धा त्यांच्या तोंडून निघालं नाही.

कमरुन्निसा परत गेली त्या शनिवारी सुनेचं तोंड सुजलं नव्हतं. त्यांना वाटलं, वाईट झालं खरं, पण इडापिडा टळली.

आणि पुढच्या शनिवारी साळूबाईचं तोंड सुजलं. यावेळी इतकं, की दोन्ही डोळे मिटले आणि तिला ताप भरला. पोटात दुखतंय म्हणून ती कण्हायला लागली. वच्छलाबाई रात्रंदिवस तिच्या उशाशी बसून राहिल्या. पोटातलं दुखणं दुसऱ्या दिवशी थांबलं, पण वच्छलाबाईंच्या डोक्यातला घण थांबला नाही. कमरुन्निसा तर आली नव्हती! मग ती चोरून आली काय? का कुणाच्या हातून पाठवलं? फकिरा? फकिराची बायको दुकानात गोडंबी फोडायला जायची. त्यांनी फकिराकडं असं काही बघितलं की त्या माणसानं विचारलं, "बाई, माझं काय चुकलं का?" नानासाहेबाला त्या काही बोलल्या नाहीत, पण जेवताना त्याच्याही हाताकडं बघत राहिल्या. घरातलं कुणीच त्यांना घरचं वाटेना.

मग त्यांनी ठरवलं, पुढच्या शुक्रवारी पहाटेपासून नजर ठेवायची. साळूबाईला सांगितलं, "मी शहरात जाते, दुपारी येईन." फाटकातून बाहेर पडल्या, कुंपणाला वळसा घालून खिंडारातून परत आत आल्या आणि कवठाच्या बुंध्याआड अडुळशात बसल्या. स्वतःच्याच बागेत चोरासारखं बसायची पाळी आली याची लाज वाटायला त्यांना सवड नव्हती.

ऊन वर आलं. फाटकातून कुणी आलं नाही. फकिरा मोटेवर होता, त्याचं गाणं ऐकू येत होतं. नाना केव्हाच कचेरीत गेला होता. साळूबाई एकटी घरात. शुक्रवार म्हणजे तिचं डोक्यावरून न्हाणं. मान सोलली होती म्हणून मधला एक शुक्रवार तेवढा चुकला होता. वच्छलाबाई स्वतः विहिरीवर गार पाण्यानं अंघोळ करणाऱ्या. न्हाणीकडं त्यांचा कधी पाय वळत नसे. एरवी चार गोवऱ्यांवर पाणी तापायचं, पण केस धुवायचे म्हणजे हंडाभर कढत पाणी लागतं. साळूबाई गोठ्यामागं गेली आणि कवेत लाकडं घेऊन आली. छातीशी धरून. ती तिनं न्हाणीबाहेरच्या चुलीत सारली, फुंकणी घेतली, आणि वाकून, तोंड अगदी चुलीच्या तोंडाशी नेऊन फुंकर घालायला लागली. धूर तिच्या तोंडावर आला, तिनं डोळे मिटले, पदरानं पुसले, पुन्हा फुंकलं.

वच्छलाबाई अडुळशातून उठल्या. वाऱ्याबरोबर धुराचा एक पट्टा त्यांच्याकडं आला होता आणि तो साध्या लाकडाचा नव्हता. त्या पळत सुटल्या. पळताना पदर काट्यात अडकून फाटला. चुलीतलं एक लाकूड त्यांनी हातानंच ओढून बाहेर काढलं. फांदीच्या कापलेल्या तोंडाशी चीक उकळून काळा फेस आला होता, शाईसारखा.

"कुठनं आणलंस हे?"

साळूबाई घाबरून उभी राहिली. "गोठ्यामागं ढीग हाय की आत्याबाई. जाड लाकूड हाय, न्हायच्या दिवशी बरं पडतंय म्हणून—"

"अगं, हे बिब्ब्याचं लाकूड हाय!"

"मला काय ठावं? आमच्याकडं कापसाच्या पऱ्हाट्या जाळत्यात. बिब्बा मी वाण्याच्या दुकानीच बघितला हाय. त्याचं झाड कसलं असतंय ते कुणी दावलंच नाय मला."

मोट सोडून फकिरा धावत आला. लाकूड बघून त्यानं कपाळाला हात लावला. "बाई, दिवाळीनंतर तुम्हीच म्हणला, बांधावरच्या बिब्ब्याच्या वाळल्या फांद्या उतरव. उतरवल्या. पुरून टाकायच्या म्हणून गोठ्यामागं लावल्या, आन् राह्यलंच. मला काय म्हाईत सूनबाई त्या जाळतील."

चूल विझवली, साळूबाईला विहिरीवर नेऊन तोंड धुवायला लावलं, खोबऱ्याचं तेल चोळलं. सगळं झाल्यावर वच्छलाबाई ओसरीवर टेकल्या. हाताला पोळलं होतं ते तेव्हा कळलं. आधी त्यांना सुटल्यासारखं वाटलं. पोर वाचली, पोटातलं वाचलं, कुणी वैरी नव्हता. मग ते सुटणं सावकाश फिरून त्यांच्याच अंगावर आलं. वैरी नव्हता. मग आपण कुणाला काय बोललो?

त्या संध्याकाळी नानासाहेब कचेरीतून आला तेव्हा त्या अंगणातच थांबल्या होत्या. त्याला हातपायसुद्धा धुवू दिले नाहीत. लाकडाची हकीकत सांगितली. तो हसला. "म्हणजे उगीचच घाबरलो आपण. बरं झालं."

"नाना, मी त्या बाईवर का संशय घेतला, इचार."

त्याचं हसू गेलं.

"मला वाटलं ती डूख धरून हाय. माझ्या मनात ते का आलं? तू सांग. मुख्तारला फौजेनं नेलं तेव्हा तू कुठं होतास?"

आवळ्याखाली फकिराची शेळी चरत होती, तिच्याकडं तो बघत राहिला. मग म्हणाला, "गल्लीच्या तोंडाशी. त्यांच्याबरोबर."

"मग?"

"त्यांनी विचारलं, रझाकारांच्या कवायतीला या गल्लीतलं कोण जायचं. मुख्तार गेला होता, आई. दोन-चार दिवस गेला होता. सगळ्या गल्लीला माहीत होतं. मी त्यांच्या माडीकडं बोट केलं. मला वाटलं, विचारतील आणि सोडतील."

"त्यानं तुला वाचवलं होतं."

"माहीत आहे."

"मग बोट वर झालं कसं तुझं?"

"भीती वाटली. मी बोट केलं नसतं तर ते माझ्याकडं कसे बघत राहिले असते, तुला नाही कळायचं." तो पायरीवर बसला. "मी रोज तिकडून जातो. शहागंजच्या घड्याळाच्या मनोऱ्यापर्यंत जातो आणि मागं फिरतो."

वच्छलाबाईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला नाही. त्या उठून आत गेल्या. एका गोष्टीचा मात्र त्यांना उलगडा झाला. तीन वर्षं त्यांना हे ठाऊक होतं. लेकावरचा संशय मनात धरवेना, म्हणून तो त्यांनी उचलून दुसरीच्या दारात ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या टांग्यानं शहागंजात गेल्या. अत्ताराच्या दुकानासमोर गर्दीची वेळ असूनही एक माणूस नव्हता. मुख्तार खलबत्त्यात काहीतरी कुटत होता, उजव्या हातानं. डावा नुसता कडेला टेकवलेला. त्यानं वर बघितलं, बत्ता थांबवला, उठून स्टूल पुसून पुढं केलं.

"सलाम, काकी."

एवढंच. तो पुन्हा कुटायला लागला. चिकाच्या पडद्याआडून कमरुन्निसाचा आवाज आला, "कोण?"

वच्छलाबाई स्टुलावर बसल्या नाहीत. पडद्याजवळ गेल्या आणि सगळं सांगितलं. फांद्या, गोठा, चूल, धूर. काही राखलं नाही.

"आणि नानानं काय केलं, तेबी मला काल कळलं," त्या शेवटी म्हणाल्या.

"तुम्हाला काल कळलं?" कमरुन्निसा म्हणाली. "मला त्याच दिवशी कळलं होतं, आक्का. समोरच्या माडीवरनं बायका बघत होत्या."

बत्त्याचा आवाज चालूच होता.

"कळलं होतं, तरी तुम्ही आमच्या दारी आलात?"

"आले. म्हणलं, लेकरू डरलं होतं. माझा मुख्तारपण डरूनच गेला होता ना त्या कवायतीला? नाही गेला असता तर त्यांनी दुकान जाळलं असतं. डरे हुए आदमी का क्या गिनना. नान्याला मी या हातानं भरवलंय." तिचा आवाज जरा थांबला. "पण तुम्ही डरलेल्या नव्हत्या, आक्का. तुम्ही बसून विचार करत होत्या. हर जुम्मे को माझ्या हाताकडं बघत होत्या. मला काय दिसत नव्हतं? मला वाटलं, आज विचारतील, उद्या विचारतील. तुम्ही विचारलं ते माळ्यासमोर. आणि विचारलं तेही असं, की त्याला उत्तरच नाही."

वच्छलाबाईंना उत्तरं सुचली बरीच, पण एकही त्यांना स्वतःला पटेना. त्या येऊन स्टुलावर बसल्या आणि बसूनच राहिल्या. रस्त्यानं ओळखीचा वाणी चालला होता, त्याला त्यांनी हाक मारली. "शेटजी, इकडं या. बिब्बा माझ्या घरच्या चुलीत निघाला. माझ्याच झाडाचा, माझ्याच हुकमानं तोडलेला. ह्या दुकानाचा काय दोष नाय. बाजारात सांगा." वाणी ओशाळून हसला. मग त्यांनी भाजीवालीला थांबवलं, तिलाही तेच सांगितलं. मग मशिदीकडं निघालेल्या एका म्हाताऱ्याला, ज्याला त्या ओळखतही नव्हत्या. दुपारपर्यंत त्या वैद्यांच्या विधवेनं शहागंजाच्या रस्त्यावर बसून जो दिसेल त्याला आपली चूक सांगितली. मुख्तारनं एकदा मान वर करून बघितलं आणि पुन्हा खाली घातली.

उन्हं डोक्यावर आल्यावर पडद्याआडून आवाज आला, "आता उठा आक्का. घरी पोर एकटी हाय."

"तुम्ही याल ना बागेत?"

"माल पाठवत जा. हिरडा, आवळा, सगळं घेईन. माझ्या नवऱ्यानं लावलेला धंदा हाय. बागेत नाही येणार."

ती आली नाही. चैत्रात साळूबाईला मुलगी झाली, गोरीपान, दणकट, अंगावर एक डाग नाही. वच्छलाबाईंनी निरोप धाडला. मुख्तारच्या हातून बाळंतिणीसाठी शतावरीचा डबा आला आणि पोरीसाठी चांदीचे घुंगरू. तिचा पाय मात्र फाटकाला लागला नाही. आता वच्छलाबाईच महिन्या-दोन महिन्यांनी दुकानात जायच्या. पडद्याजवळ बसायच्या. कधी आवळा यंदा कसा आहे यावर बोलणं व्हायचं, कधी काहीच नाही. पहिल्यासारखं झालं असं म्हणता येणार नाही.

पुढल्या वर्षी मुख्तारचा निकाह ठरला. बोलावणं आलं ते वच्छलाबाईंना आणि साळूबाईला. निरोप्यानं दोनच नावं घेतली. नानासाहेब ओसरीवर बसून ऐकत होता. निरोप्या गेल्यावर म्हणाला, "मी टांग्यानं सोडायला येतो. गल्लीच्या तोंडाशी थांबेन."

तो तसाच थांबला. आत मांडवात गर्दी होती. मुख्तार सेहऱ्याआड होता, त्याचा चेहरा दिसला नाही. बायकांच्या बाजूला कमरुन्निसानं वच्छलाबाईंना स्वतःजवळ बसवलं, साळूबाईची पोर मांडीवर घेतली आणि तिच्या हातात खारीक दिली.

"बरोबर कोण आलंय?" तिनं विचारलं.

"नाना हाय. बाहेर. टांग्यापाशी."

कमरुन्निसा पोरीचं टोपरं सारखं करत राहिली. आलेल्या बायकांची उठबस केली, पानदान फिरवलं, कुणाला तरी पाणी आणायला सांगितलं. वच्छलाबाई निघायला उठल्या तेव्हा ती दारापर्यंत आली. गल्लीच्या तोंडाशी भर उन्हात नानासाहेब टांग्याच्या दांडीला धरून उभा होता, या घराकडं पाठ करून. कमरुन्निसानं दाराच्या फटीतून त्याच्याकडं बराच वेळ बघितलं.

"उन्हात कशाला उभा केलात त्याला?" ती म्हणाली. "पलीकडं पिंपळाची सावली हाय. त्याला लहानपणापास्नं ठाऊक हाय की."

वच्छलाबाईंनी जाऊन लेकाला ते सांगितलं. त्यानं ऐकलं, घोड्याचा लगाम धरला आणि टांगा सावलीत नेऊन उभा केला. मग तिघींना वर चढवून तो बराच वेळ तिथंच थांबून राहिला, निघायचं सुचत नसल्यासारखा.